तुरुंगाचें दार आणि व्यसनाचा जमाखर्च

सुटकेच्या उंबरठ्यावर असलेल्या कैद्याचें व्यसन सोडविण्यासाठीं सरकारनें पैसा खर्चावा काय? प्रश्न आजचा आहे. परंतु त्यामागील हिशेबी वृत्ति वऱ्हाडास जुनीच परिचयाची आहे. 1937 सालीं प्रांतोप्रांतीं लोकनियुक्त मंत्रिमंडळें आलीं, तेव्हां शिक्षणाचा खर्च बराचसा अबकारीच्या उत्पन्नावर चाले. दारू बंद केली तर शाळा कशा चालवाव्या, हा पेंच सोडवितांना गांधीजींनीं स्वावलंबी शिक्षणाची कल्पना मांडली, व त्याच वर्षीं ऑक्टोबरांत आमच्या शेजारीं वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली. पुढील सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडाचा दारूबंदीचा कायदा झाला. ह्या सर्व वादांत बुडणारें उत्पन्न रुपयांत मोजतां येई. मोडलेल्या संसारांची नोंद मात्र कोणत्याच वहींत होत नसे.

कैद्याच्या बाबतींतही आपण तीच चूक करतों. तुरुंगांत मादक पदार्थ मिळाला नाहीं म्हणजे व्यसन सुटलें, हा समज घातक आहे. कोठडींत शरीराची सहनशक्ति ओसरते, पण मनाची ओढ राहते. अफूवर्गीय द्रव्यांचा व्यसनी सुटतांच पूर्वीइतकी मात्रा घेतो आणि प्राणास मुकतो. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानाविषयीं 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या सुमारें तेरापट आढळला. ऱ्होड आयलंड संस्थानानें 2016 सालीं तुरुंगांत औषधोपचार सुरू करून ते सुटकेनंतरही चालू ठेवले. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहींत अतिमात्रेनें मेलेल्यांत नुकतेच सुटलेले 26 होते. पुढील वर्षीं त्याच मुदतींत 9.

वैद्य, औषधें व सुटकेनंतरची देखरेख ह्यांस पैसा लागतो, हें खरें. आणि दाराशीं उपचार तुटला, तर तो बहुतेक वायां जातो, हेंही खरें. म्हणून खर्च टाळणें हा मार्ग नव्हे. तो दारापलीकडे नेणें हा आहे.

येथें तिवसा तालुक्याचा दाखला उपयोगीं पडतो. 1935 सालीं मोझरी येथें गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या तुकडोजी महाराजांनीं स्वतः 1942 सालीं नागपूर व रायपूर येथील तुरुंगवास भोगला. त्यांनीं खंजिरीवरील भजनांतून व्यसनांवर प्रहार केला, पण केवळ उपदेशावर न थांबतां गांवास सामुदायिक प्रार्थनेस बसविलें. व्यसन सोडूं पाहणाऱ्यास सोबत लागते, हें त्यांतील मर्म. औषधाचें काम प्रार्थना करणार नाहीं. पण औषध घेऊन परतलेल्यास गांवानें दार लावलें, तर सरकारी खर्चाची बाजू तेवढी उरेल, जमेची नाहीं.