गिडियनची फ्लशिंग, 1993

जलवितरण व्यवस्थेच्या देखभालीत फ्लशिंग हा सर्वांत सोपा भाग समजला जातो. हायड्रंट उघडायचा, पाणी नितळ येईपर्यंत वाहू द्यायचे, बंद करायचा. तोंडी परीक्षेत विद्यार्थीही एवढेच सांगतात. पण बाहेर गेलेल्या पाण्याच्या जागी वाहिनीत येणारे पाणी कोठून येते? अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या गिडियन गावात 1993 साली हा प्रश्न जीवघेणा ठरला.

गिडियनची लोकसंख्या जेमतेम 1,100. पाणी खोल विहिरींचे, म्हणून ते शुद्धच मानले जाई आणि त्यात क्लोरीन घातले जात नसे. वाहिन्या 1930 च्या दशकातल्या, कमी व्यासाच्या, आतून गंजाच्या गाठींनी भरलेल्या. पाणी साठवायला उंच टाक्या होत्या. टाकीची झाकणे धड नसली की कबुतरे आत शिरतात, हे आपल्याकडेही कोणाला वेगळे सांगायला नको. येथेही तसेच झाले होते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला अचानक थंडी पडली. टाकीतले वरचे पाणी गार होऊन जड झाले, खाली उतरले आणि तळाचे साचलेले पाणी ढवळले गेले. नळाच्या पाण्याला वास व चव येऊ लागली. तक्रारी आल्या, तेव्हा व्यवस्थापनाने पुस्तकी उपाय केला. 10 नोव्हेंबरला गावातील सर्व 50 हायड्रंट एकामागून एक, प्रत्येकी 15 मिनिटे उघडण्यात आले. प्रवाह मिनिटाला सुमारे 750 गॅलन, म्हणजे 2,800 लिटरच्या आसपास. गुणाकार करून पाहा: एकूण 21 लाख लिटर होतात. एवढ्या छोट्या गावात इतकी मागणी आली की टाक्या झपाट्याने उपसल्या जातात. वाहिन्या धुण्यासाठी जे पाणी खेचले, त्यात टाकीतली घाणही आली.

पुढच्या काही दिवसांतच शाळेतली गैरहजेरी वाढली. साल्मोनेला टायफिम्युरियमच्या या साथीत अंदाजे 650 लोक आजारी पडले. वृद्धाश्रमातील सात जण दगावले.

माझ्या मते फ्लशिंग करणाऱ्यांना दोष देणे सोपे, पण अर्धवट आहे. त्यांनी लक्षणावर उपचार केला. वास कशामुळे येतो हे पाहायला हायड्रंट उघडण्यापूर्वी टाकीवर चढायला हवे होते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पुढे या जाळ्याचे संगणकीय प्रारूप तयार केले. त्यासाठी वापरलेली ईपॅनेट ही प्रणाली त्याच वर्षी, 1993 मध्ये, प्रथम प्रसिद्ध झाली होती. आपण प्रयोगशाळेत वापरतो तीच. फ्लशिंगच्या पहिल्या काही तासांत टाकीचे पाणी कोणत्या भागात पोहोचले असेल, हे प्रारूपावरून काढले गेले. सुरुवातीचे रुग्ण ज्या घरांतले आणि शाळेतले होते, ती त्याच भागात सापडली. साथीचा माग असा जलगतिकीच्या आधारे काढण्याचे हे एक आरंभीचे उदाहरण.

पाणी उकळून पिण्याचा आदेश 18 डिसेंबरला निघाला, म्हणजे फ्लशिंगनंतर पाच आठवड्यांहून अधिक काळाने. तातडीने क्लोरीनही सुरू झाले. नंतरच्या पाहणीत आढळले की आदेशानंतरही सुमारे एकतृतीयांश लोक न उकळलेले पाणी प्यायले होते. कारण विचारल्यावर बरेच जण म्हणाले, लक्षातच राहिले नाही. काहींचा आदेशावर विश्वासच बसला नव्हता.