प्रवासी बोटींची तपासणी आणि सुटकेचे मार्ग

प्रवासी बोटीच्या सर्वेक्षणात सांगाडा, इंजिन, अग्निशमन साधने, जीवरक्षक जॅकेटे आणि बाहेर पडण्याच्या वाटा तपासल्या जातात. प्रवासीसंख्येची मर्यादाही प्रमाणपत्रात नमूद असते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी उलटली. बोट कलताच प्रवासी एका बाजूला धावले. सहाशेहून अधिक जण बुडाले. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या बोटीची धडक बसून १५ जण दगावले. परवानगी ८४ प्रवाशांची व ६ कर्मचाऱ्यांची असताना बोटीवर शंभराहून अधिक जण होते. या दुर्घटनेनंतर जॅकेट सक्तीचे झाले. मात्र मर्यादेबाहेर गर्दी झाल्यास तपासलेली वाटही अपुरी पडते.