नरभक्षक वाघ आणि तुटलेला सुळा

१/ मेळघाटातील कोरकू वाघाला 'कुला' म्हणतात. १९७३ साली व्याघ्र प्रकल्पासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत अमरावती जिल्ह्यातील हे अरण्य होते. या कुलाचा आणि आपल्या घरच्या मांजरीचा जबडा एकाच साच्यातला आहे. दात तीस, त्यांतले सुळे चार.

२/ सुळे भक्ष्याचा गळा धरतात. दाढा कात्रीसारख्या एकमेकींवर सरकून मांस कापतात. सुळा मोडला की सांबर किंवा गवा धरणे अवघड होते.

३/ शिकारकथांनी मात्र नरभक्षकाला 'रक्ताची चटक' लावून दिली. जबडा उघडून पाहणारे थोडेच. त्यांतला एक जिम कॉर्बेट. १९०७ साली त्याने कुमाऊँत चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. तिच्या तोंडाच्या उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला होता, खालचा थेट हाडापर्यंत. कारण, बंदुकीची जुनी जखम! म्हणजे कुणा शिकाऱ्याच्या फसलेल्या गोळीची किंमत शेकडो गावकऱ्यांनी मोजली. आफ्रिकेत १८९८ साली मारलेल्या त्सावोच्या दोन सिंहांपैकी एकाच्याही सुळ्याच्या मुळाशी गळू झालेले होते.

४/ दाताची दुसरी कथा ताईताची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाच्या दाताचा व्यापार हा गुन्हा ठरला. आज मेळघाटात, किंवा अकोल्याकडील नरनाळ्याच्या रानात, मृत वाघ आढळला की सुळे आणि नखे जागेवर आहेत ना, हे आवर्जून तपासले जाते. मग सुळ्यांसकट देहाला अग्नी देतात.