डच सामासिक शब्दांचा सांधा

डच भाषेत दोन-तीन शब्द जोडून एकच सलग शब्द लिहिण्याची रीत जुनी असून, अशा सामासिक शब्दाची ओळीच्या शेवटी फोड कोठे करावी, हा प्रश्न तेथील शुद्धलेखनाच्या इतिहासात सतत डोकावतो. साध्या शब्दात दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या अक्षराकडे, म्हणजे पुढच्या स्वराभोवती उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहाकडे जाते. समासात मात्र फोड घटकशब्दांच्या सांध्यावरच होते. सापळ्याच्या खड्ड्याला असलेला शब्द 'व्हाल-काउल' असा फोडायचा असतो, 'व्हाल्क-आउल' असा फोडला तर त्यातून ससाणा आणि घुबड निघतात, आणि दोन्ही वाचनांत जोर पहिल्याच घटकावर असल्याने निवाडा केवळ अर्थाला करावा लागतो.

आघात, म्हणजे उच्चारातील हा जोर, समासात सामान्यतः पहिल्या घटकावर पडतो. परंतु इतिहासाच्या दृष्टीने अपवादच अधिक बोलके आहेत. 'स्टाटहाउस' या नगरभवनवाचक शब्दात जोर 'हाउस'वर आहे. काउंट पाचवा फ्लोरिस याच्या १२७५ सालच्या जकातमाफीच्या सनदेत आम्स्टेल नदीवरील बांधाच्या नावाने जे गाव प्रथम नोंदले गेले, त्या आम्स्टरडामचे नाव आज एकसंध वाटत असले, तरी त्यातील जोर अजून 'डाम'वर, म्हणजे बांधावरच आहे.

लिपीने मात्र आघातापेक्षा घटकांची ओळख जपली. १८०४ साली मॅथाइस सीगेनबेक यांची लेखनपद्धती अधिकृत झाली. पुढे डे व्ह्रीस आणि टे विंकेल यांनी १८६० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत, शब्दाचे रूप शक्यतो सर्वत्र सारखे लिहावे, हे तत्त्व दृढ झाले. त्यामुळे संध्याकाळच्या जेवणाच्या 'आव्होंत-एटेन' या शब्दात 'त' ऐकू येत असूनही 'ड'च लिहिला जातो. तो 'त' हीच खरे तर सांध्याची ध्वनिरूप खूण आहे, कारण डचमध्ये शब्दान्तीचा 'ड' कठोर होतो आणि पुढे स्वर आला तरी समासात तसाच राहतो.

१९९५ च्या सुधारणेने 'पानेकूक' या धिरड्यासारख्या पदार्थाच्या नावात मधला 'न' लिहायला लावला. तोवर पहिल्या घटकातून अनेकवचनाची कल्पना अपरिहार्यपणे सूचित होते का, हे पाहिले जाई; आता त्या शब्दाचे अनेकवचनी रूप पाहिले जाऊ लागले. याच सुधारणेने समुद्री बदकाच्या नावात सांध्यावरील दोन टिंबांऐवजी जोडरेघ आणली, हा निर्णय अधिक समंजस होता, कारण त्यामुळे सांधा डोळ्यांना थेट दिसू लागला. आघाताला लेखनात जागा मिळाली ती गरजेपुरतीच: 'व्होरकोमेन' या क्रियापदात आरंभी जोर दिल्यास 'घडणे' आणि मध्ये दिल्यास 'टाळणे' असा अर्थ होत असल्याने, घोटाळ्याची शक्यता असेल तेथे स्वरावर तिरकी रेघ देता येते.