नागिणीवरचे औषध कसे सापडले?

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड उठले आणि आग होऊ लागली, की घरातली मोठी माणसे लगेच ओळखतात : नागीण! तिचे तोंड आणि शेपटी जुळली की माणूस दगावतो, ही भीतीही अजून ऐकू येते. ती निराधार आहे. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर पुन्हा डोके वर काढतो.

जिवाणूंवर पेनिसिलिन १९४० च्या दशकातच आले. मग विषाणूंवरच्या औषधाला इतका उशीर का झाला? कारण विषाणू आपल्याच पेशीत शिरून तिचीच यंत्रणा वापरतो. त्याच्यावर घाव घातला, तर पेशीलाही लागतो. १९६० च्या दशकात आयडॉक्सयुरिडीन हे औषध डोळ्यातल्या हर्पिससाठी वापरात आले. पण ते निरोगी पेशींनाही इजा करत असल्यामुळे वरून घालण्यापुरतेच उरले.

ही कोंडी फुटली ती १९७० च्या दशकात, अमेरिकेतील बरोज वेलकम कंपनीत. तिथे गर्ट्रूड एलियन आणि हॉवर्ड शेफर यांच्या चमूने असायक्लोव्हिर या औषधावर काम केले. एलियन यांच्याकडे पीएचडी नव्हती. आजोबा कर्करोगाने गेले, तेव्हाच त्यांनी औषधसंशोधनाकडे वळायचे ठरवले होते.

या औषधाची खुबी अशी. ते शरीरात जाते तेव्हा जवळजवळ निष्क्रिय असते. त्याला जागे करणारे थायमिडीन कायनेज हे विकर विषाणू स्वतःच तयार करतो. त्यामुळे औषध मुख्यतः विषाणू शिरलेल्या पेशीतच सक्रिय होते. मग ते विषाणूच्या डीएनएच्या साखळीत खोटी कडी म्हणून बसते. पुढची कडी जोडताच येत नाही आणि नवा विषाणू बनणे थांबते. निरोगी पेशी बहुतांशी सुरक्षित राहतात. अमेरिकेत १९८२ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. १९८८ मध्ये एलियन यांना जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

असायक्लोव्हिरची गोळी घेतली, तरी त्यातले साधारण १५ ते २० टक्केच औषध रक्तात पोहोचते. म्हणून नागिणीसाठी ते दिवसातून पाच वेळा घ्यावे लागते. १९९५ मध्ये आलेले व्हॅलासायक्लोव्हिर जास्त प्रमाणात शोषले जाते, त्यामुळे तीन वेळा पुरते.

आता तुमच्या कामाची गोष्ट. हे औषध विषाणूची वाढ थांबवते; मज्जातंतूत सुप्त असलेला विषाणू ते काढून टाकत नाही आणि झालेली इजा भरूनही काढत नाही. म्हणून फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत उपचार सुरू झालेले उत्तम. लेप लावण्यात किंवा उतरवून घेण्यात नेमके हेच तीन दिवस निघून जातात. उशीर झाला असला, तरी नवे फोड येत असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. कपाळावर, नाकावर किंवा डोळ्याजवळ फोड असतील, तर त्याच दिवशी जा. दृष्टीला धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा, कारण मात्रा बदलावी लागते. औषध चालू असताना पाणी भरपूर प्या आणि फोड सुकले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.