फोली कला

फोली कला म्हणजे चित्रपट, अ‍ॅनिमेशनपट, दूरचित्रवाणी मालिका व माहितीपट यांतील रोजच्या व्यवहारातले आवाज चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रण कक्षात, पडद्यावरील दृश्य पाहत नव्याने निर्माण करण्याची कला होय. पावलांचा आवाज, कपड्यांची सळसळ, कपबशीची किणकिण, दाराची कडी, पुस्तकाची पाने अशा आवाजांचा तीत समावेश होतो. हे काम करणाऱ्यास फोली कलाकार म्हणतात. अमेरिकन ध्वनितंत्रज्ञ जॅक डोनोव्हन फोली (१८९१–१९६७) यांच्या नावावरून या कलेस हे नाव मिळाले.

चित्रपटगृहातील प्रेक्षकास जे आवाज सर्वांत स्वाभाविक वाटतात, त्यांतील बरेचसे प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळचे नसतात. अनेकदा ते पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूचेही नसतात. आवाज कृत्रिम आहे अशी शंका प्रेक्षकास न येणे, हेच या कलेचे यश मानले जाते.

गरज

चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिग्राहकाचा रोख मुख्यतः संवादांवर असतो. पावलांचे वा वस्तूंचे आवाज त्यात अस्पष्ट उमटतात किंवा आसपासच्या गोंगाटात हरवतात. शिवाय नेपथ्यातील वस्तू बहुधा खऱ्या नसतात. लाकडाची तलवार पोलादासारखी खणखणत नाही आणि प्लायवूडची भिंत दगडी भिंतीसारखी वाजत नाही.

दुसरे कारण व्यावसायिक आहे. एखादा चित्रपट दुसऱ्या भाषेत ध्वन्यंकित करायचा झाल्यास मूळ संवाद काढून टाकावे लागतात. संवादांसोबत त्याच वेळी ध्वनिमुद्रित झालेले इतर आवाजही निघून जातात. म्हणून केवळ संगीत व ध्वनिपरिणाम असलेली स्वतंत्र ध्वनिपट्टी तयार ठेवली जाते. तीत फोली आवाज नसतील, तर नव्या भाषेतील पात्रे बोलतील, परंतु त्यांची पावले वाजणार नाहीत.

इतिहास

नाटकात व नभोवाणीवरील श्रुतिकांमध्ये कृत्रिम आवाजांची परंपरा बोलपटापूर्वीपासून किंवा त्याच्या बरोबरीने चालत आली आहे. पत्रा हलवून मेघगर्जना आणि करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा निर्माण केल्या जात.

ऑक्टोबर १९२७ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा 'द जॅझ सिंगर' प्रदर्शित झाला आणि हॉलिवूडमधील इतर निर्मितिसंस्थांना आपल्या मूकपटांची चिंता वाटू लागली. युनिव्हर्सल स्टुडिओचा 'शो बोट' (१९२९) हा मूकपट म्हणून तयार होत होता. त्यात संवाद, संगीत व आवाज यांची भर घालण्याचे ठरले. स्टुडिओत विविध कामे केलेल्या जॅक फोली यांचा या कामात सहभाग होता. पडद्यावर चित्रपट दाखवायचा, समोर वाद्यवृंदाने वाजवायचे आणि त्याच वेळी फोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या, पावले, गलबला असे आवाज काढायचे, अशी पद्धत अवलंबण्यात आली. निरनिराळे आवाज वेगवेगळे मुद्रित करून नंतर एकत्र करण्याची सोय तेव्हा अत्यंत मर्यादित होती. त्यामुळे एक चूक झाली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

फोली यांनी पुढे सुमारे चार दशके याच क्षेत्रात काम केले. नटाच्या चालीचा अभ्यास करून त्याप्रमाणे स्वतः चालणे, ही त्यांची खासियत होती. स्टॅनली क्युब्रिक दिग्दर्शित 'स्पार्टाकस' (१९६०) संबंधी एक किस्सा प्रसिद्ध आहे. रोमन सैन्याच्या चिलखतांचा आवाज समाधानकारक न आल्याने ते दृश्य पुन्हा चित्रित करण्याचा विचार चालू होता. तेव्हा फोली यांनी किल्ल्यांचे जुडगे खुळखुळवून तो आवाज तयार केला आणि मोठा खर्च वाचला, असे सांगितले जाते. त्या काळी श्रेयनामावलीत ध्वनिविभागाच्या प्रमुखाचेच नाव देण्याचा प्रघात असल्याने, ज्यांच्या नावाने ही कला ओळखली जाते त्या फोली यांचे नाव प्रेक्षकांना पडद्यावर वाचायला मिळाले नाही.

कार्यपद्धती

फोली कक्षात एका बाजूस पडदा व ध्वनिग्राहक आणि दुसऱ्या बाजूस असंख्य वस्तू असतात. जमिनीत लहान चौकोनी खळगे करून त्यांत फरशी, लाकूड, वाळू, खडी, माती असे निरनिराळे पृष्ठभाग तयार केलेले असतात. कामाचे साधारणपणे तीन भाग पडतात:

पावले: प्रत्येक पात्राची चाल स्वतंत्रपणे मुद्रित केली जाते. पादत्राणे, वजन, वय व मनःस्थिती यांनुसार आवाज बदलतो. एकच कलाकार क्रमाने नायक, नायिका आणि खलनायक अशा सर्वांची पावले 'चालतो'.

हालचाली: कपड्यांची सळसळ, बसण्या-उठण्याचे आवाज. हे आवाज प्रेक्षकाच्या लक्षात येत नाहीत. परंतु ते काढून टाकल्यास पात्र निर्जीव भासते.

वस्तू: पेला ठेवणे, पत्र फाडणे, बंदुकीचा चाप ओढणे इत्यादी आवाज.

मोटारीचे इंजिन, स्फोट, पाऊस असे आवाज बहुधा ध्वनिसंग्रहातून घेतले जातात किंवा ध्वनिसंपादक ते स्वतंत्रपणे तयार करतात. काटेकोर अर्थाने त्यांना फोली म्हणत नाहीत. प्रत्यक्षात मात्र या दोन्ही कामांची सीमारेषा धूसर असते.

प्रचलित युक्त्या

कॉर्नफ्लोरने भरलेली चामडी पिशवी दाबल्यास बर्फावरून चालल्याचा आवाज येतो. सेलरी या पालेभाजीचे देठ मोडले की हाड मोडल्याचा भास होतो. हातमोजे फडफडवून पक्ष्यांच्या पंखांचा आणि सेलोफेनचा कागद चुरगाळून जळत्या लाकडांचा आवाज काढतात. करवंट्यांच्या टापा तर इतक्या परिचित झाल्या की 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल' (१९७५) या विनोदी चित्रपटात त्यांचाच विनोद करण्यात आला. घोड्यांचा खर्च परवडत नसल्याने त्यातील सरदार घोड्याविना दौडतात आणि मागून त्यांचे सेवक करवंट्या वाजवतात.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) मधील स्नानगृहातील हत्येच्या दृश्यासाठी निरनिराळ्या जातींच्या खरबुजांत सुरी खुपसून पाहण्यात आली. हिचकॉक यांनी डोळे मिटून आवाज ऐकले आणि त्यांतील 'कसाबा' जातीचे खरबूज पसंत केले. चित्रपट कृष्णधवल असल्याने रक्ताच्या जागी चॉकलेटचे सरबत वापरले होते. या प्रसंगाला संगीत असू नये, असे हिचकॉक यांचे आरंभी मत होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही केवळ तंतुवाद्यांसाठी संगीत रचले. ते ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपले मत बदलले.

'ई.टी.' (१९८२) मधील परग्रहवासीयाच्या मऊ, ओलसर हालचालींसाठी ओल्या टी-शर्टमध्ये गुंडाळलेली जेली आणि पाकिटातील कच्ची कलेजी यांचा उपयोग करण्यात आला.

राक्षस, प्राणी आणि यंत्रे

जे प्राणी वा यंत्रे अस्तित्वातच नाहीत, त्यांचे आवाज ठरविणे हे ध्वनिसंकल्पकाचे काम असते. वस्तू एक आणि आवाज दुसरीचाच, हे तत्त्व येथेही लागू होते. 'किंग काँग' (१९३३) साठी मरे स्पिव्हॅक यांनी सिंह व वाघ यांच्या डरकाळ्या मंद गतीने आणि उलट दिशेने वाजवून वापरल्या. जपानी चित्रपट 'गोजिरा' (१९५४) मधील राक्षसाची प्रसिद्ध आरोळी कोणत्याही प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेनुसार राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या तंतुवाद्याच्या सैल तारेवर घासून ती काढण्यात आली आणि तिची गती कमी करण्यात आली.

'स्टार वॉर्स' (१९७७) साठी बेन बर्ट यांनी प्रकाशतलवारीचा घुमणारा आवाज जुन्या चित्रप्रक्षेपकाची मोटर आणि दूरचित्रवाणी संचामुळे ध्वनिग्राहकात आलेली खरखर यांतून घडवला. उंच मनोऱ्याला आधार देणाऱ्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून त्यांनी शस्त्रांचे आवाज मिळवले, तर खलनायक डार्थ व्हेडरचा श्वास पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रात ध्वनिग्राहक ठेवून मुद्रित केला. 'ज्युरासिक पार्क' (१९९३) मध्ये गॅरी रिडस्ट्रॉम यांनी महाकाय टी-रेक्सच्या गर्जनेत हत्तीच्या लहान पिल्लाचा आवाज मिसळला. व्हेलॉसिरॅप्टरच्या आवाजासाठी त्यांनी समागमाच्या वेळचे कासवांचे आवाजही वापरले.

ध्वनिसंग्रहातील एक आवाज विशेष प्रसिद्ध आहे. 'डिस्टंट ड्रम्स' (१९५१) या चित्रपटात सुसरीने पकडलेल्या माणसासाठी एक किंकाळी मुद्रित करण्यात आली होती. 'द चार्ज अ‍ॅट फेदर रिव्हर' (१९५३) मधील एका पात्राच्या नावावरून बर्ट यांनी तिला 'विल्हेल्म किंकाळी' असे नाव दिले आणि 'स्टार वॉर्स'मध्ये वापरले. तेव्हापासून ध्वनिसंपादकांनी तीच किंकाळी शेकडो चित्रपटांत आपापसातील थट्टा म्हणून पेरली आहे.

अ‍ॅनिमेशनपट

जिवंत नटांच्या चित्रपटात निदान काही मूळ आवाज हाती असतो. अ‍ॅनिमेशनपटात चित्राला स्वतःचा आवाजच नसल्याने प्रत्येक आवाज शून्यातून निर्माण करावा लागतो.

वॉल्ट डिस्ने यांच्या 'स्टीमबोट विली' (१९२८) या लघुपटाची पहिली चाचणी घरगुती स्वरूपाची होती. डिस्ने आणि त्यांचे सहकारी पडद्याआड भांडी, शिट्ट्या व माऊथऑर्गन घेऊन बसले आणि चित्र पाहत आवाज काढू लागले. प्रेक्षक म्हणून कर्मचाऱ्यांच्या पत्नी होत्या. पुढे न्यू यॉर्कमधील ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न फसला, कारण वादकांना चित्राची गती सांभाळता येईना. दुसऱ्या प्रयत्नासाठी डिस्ने यांना आपली मोटारगाडी विकावी लागली. या वेळी ताल दाखविणारा उड्या मारणारा चेंडू चित्रफितीवरच उमटवण्यात आला. त्याकडे पाहून संचालकाने वाद्यवृंद सांभाळला आणि १८ नोव्हेंबर १९२८ रोजी हा लघुपट प्रदर्शित झाला. पडद्यावरील प्रत्येक हालचालीबरहुकूम संगीत योजण्याच्या पद्धतीला आजही 'मिकी माऊसिंग' म्हणतात.

डिस्ने स्टुडिओतील जिमी मॅक्डोनाल्ड यांनी लाकूड, पत्रा व चामडे यांपासून आवाज काढणारी शेकडो उपकरणे स्वतः बनवली. मिकी माऊसला दीर्घकाळ आवाज देणारेही तेच होत. पुढे 'वॉल-ई' (२००८) या संगणकीय अ‍ॅनिमेशनपटासाठी बेन बर्ट यांनी मॅक्डोनाल्ड यांची जुनी उपकरणे पुन्हा वापरली. त्यातील यंत्रमानवाच्या चालण्यासाठी हाताने फिरवायच्या जुन्या विद्युतजनित्राचा उपयोग करण्यात आला.

भारतीय चित्रपट

'आलम आरा' (१९३१) हा पहिला भारतीय बोलपट चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रित झाला. मुंबईतील स्टुडिओ लोहमार्गालगत असल्याने गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर बरेचसे चित्रीकरण होई. ध्वनिग्राहक नटांच्या आसपास लपवले जात आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून साथ करीत.

पुढील काळात बाह्यचित्रीकरण वाढले, आवाज करणारे हलके कॅमेरे रूढ झाले आणि संवाद नंतर ध्वन्यंकित करण्याची प्रथा हिंदी-मराठी चित्रपटांत प्रस्थापित झाली. मूळ ध्वनी पूर्णपणे टाकून दिला जात असल्याने प्रत्येक पाऊल, प्रत्येक बांगडी पुन्हा वाजवावी लागे. हाणामारीतील ठोशाचा आवाज हा याच प्रथेचा ठसा होय. खऱ्या ठोशाचा आवाज दबका असतो. पडद्यावरचा 'ढिशूम' मात्र बोलीभाषेत शब्द म्हणून रुळला.

या काळातील एक नामांकित पुनर्ध्वनिमुद्रक म्हणजे परळच्या राजकमल कलामंदिरातील मंगेश देसाई. 'शोले' (१९७५) सह अनेक चित्रपटांत संवाद, संगीत व ध्वनिपरिणाम यांचा समतोल त्यांनी साधला. चित्रपटसंगीतातही रोजच्या वस्तूंचा वापर झाला. संगीतकार राहुलदेव बर्मन यांनी 'पडोसन' (१९६८) मध्ये कंगवा, 'यादों की बारात' (१९७३) मध्ये काचेच्या पेल्यावर वाजणारा चमचा आणि 'शोले'मध्ये कमी-अधिक भरलेल्या बाटल्यांत फुंकून काढलेले स्वर योजले.

'लगान' (२००१) पासून चित्रीकरणाच्या वेळीच ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत हिंदीत पुन्हा रुजू लागली. तरीही फोली कलेची गरज संपलेली नाही, कारण या पद्धतीत प्राधान्य संवादांनाच असते.

माहितीपट व सत्यतेचा प्रश्न

वन्यजीवांचे चित्रण फार दूरवरून, शक्तिशाली भिंगांनी केले जाते. चित्र जवळचे दिसते, परंतु त्या अंतरावरून आवाज मिळत नाही. त्यामुळे कोळ्याचे जाळे विणणे, मुंग्यांची रांग किंवा बर्फावरील अस्वलाची पावले यांचे आवाज बहुधा कक्षातच तयार होतात. माहितीपट सत्य दाखवण्याचा दावा करीत असल्याने ही बाब प्रेक्षकांना सांगावी की नाही, यावर मतभेद आहेत. आवाजाविना चित्र अपुरे राहते आणि कृत्रिम आवाज प्राण्याच्या वर्तनाविषयी चुकीची माहिती देत नाही, असे समर्थक म्हणतात. टीकाकारांच्या मते, मुंगीची पावले ऐकू आल्याची आठवण घेऊन उठणारा प्रेक्षक निसर्गाविषयी एक चुकीची समजूत सोबत नेतो.

मान्यता

ऑस्कर पुरस्कारांत फोली कलेसाठी स्वतंत्र विभाग नाही. ध्वनिसंपादन व ध्वनिमिश्रण हे पूर्वीचे दोन विभागही २०२० या वर्षातील चित्रपटांपासून एकत्र करण्यात आले. अमेरिकेतील ध्वनिसंपादकांच्या संघटनेतर्फे दिल्या जाणाऱ्या 'गोल्डन रील' पुरस्कारांत मात्र फोलीचा स्वतंत्र विचार होतो. आवाजांचे विस्तृत संगणकीय संग्रह उपलब्ध झाल्यानंतरही ही कला हातानेच केली जाते. संग्रहातील पाऊल केवळ जमिनीवर पडते. थकलेल्या, संतापलेल्या किंवा लपतछपत जाणाऱ्या विशिष्ट पात्राचे पाऊल मात्र कोणीतरी ते दृश्य पाहून चालल्याशिवाय उमटत नाही.