जुन्या ओमनीचं बिल आणि संशोधनाचा प्रश्न

पेट परीक्षेची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ताई, संशोधनाचा प्रश्न नेमका सापडतो कुठे?" खरं सांगू? माझा एक प्रश्न रेडिएटरमध्ये सापडला.

गेल्या उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याचे नमुने घेऊन आम्ही लातूरहून नांदेडला निघालो होतो. गाडी काकांची, २००७ ची मारुती ओमनी, सेकंडहँड घेतलेली. अहमदपूर ओलांडलं आणि तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. थांबत थांबत लोहा गाठलं. तिथल्या मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला आणि आतली पांढरी खपली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "ताई, पाणी नाही, दगड पाजलाय तुम्ही गाडीला."

हा दगड समजून घ्यायचा तर आधी गाडीचा इतिहास बघावा लागतो. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली. १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार झाला, डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि १९८४ मध्ये मारुती व्हॅन. १९८८ पासून तिचं नाव ओमनी. मूळ साचा सुझुकी कॅरी या छोट्या मालवाहू गाडीचा. इंजिन मात्र ८०० चंच, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. ही एक गोष्ट आपल्या भागासाठी फार मोलाची ठरली. ८०० चे सुटे भाग जिथे मिळतात तिथे ओमनीचं इंजिन दुरुस्त होतं, आणि ८०० चे भाग तालुक्याच्या गावातही मिळत. म्हणून शाळेची व्हॅन, रुग्णवाहिका, मंडपवाल्याची गाडी, लग्नाचं वऱ्हाड, सगळीकडे ओमनी दिसायची.

आता बिघाडांकडे या. कमी लांबीत जास्त जागा मिळावी म्हणून इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेलं. त्यामुळे माणसं आणि सामान भरपूर मावतं, पण बॉनेटखालच्या इंजिनाला मिळते तशी मोकळी हवा मिळत नाही. सीट उचलल्याशिवाय इंजिन दिसत नाही, म्हणून पाणी-तेल बघण्याचा आळस होतो. ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून लांब शाफ्ट आला आणि शाफ्टबरोबर त्याचे क्रॉस झिजणं आलं. मागे पाटे आहेत, तर त्यांचे बुश आले. सरकत्या दाराचे रोलर आणि पायाखालचा कुजलेला पत्रा हे तर जुन्या ओमनीचे ठरलेले आजार. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत धुळीने जेट तुंबतात. मी म्हणते ते एवढंच की प्रत्येक बिघाडामागे कुणीतरी, कधीतरी घेतलेला एक निर्णय असतो. बिल हा त्या निर्णयाचा कागदी पुरावा.

आमच्या बिलात मात्र कंपनीपेक्षा आमचाच हात मोठा होता. काका कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकत होते. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असतं. ते तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर मागे राहतो. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत हा थर उष्णता साधारण शंभर पट कमी वाहून नेतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची अपेक्षित मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे गाडीसाठी वेगळं पाणी कोण शोधणार?

प्रयोगशाळेत खपलीवर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, फसफसलं. मी खूश! दोन दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला, "फॅनचा स्विच पण उशिरा लागतोय, बदलू का?" म्हणजे माझा सुंदर सिद्धांत अर्धाच खरा होता. आम्लाने खपली कशाची आहे ते सांगितलं, गाडी का तापली ते नाही. हे लक्षात ठेवा. आपल्या विषयातलं उत्तर आपल्याला आधी आवडतं, म्हणून शोध तिथेच थांबवायचा नसतो.

इंधनाचाही असाच इतिहास आहे. पेट्रोल परवडेना म्हणून एके काळी अनेकांनी ओमनीत स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर ठेवून गाडी चालवली. बंद केबिन, सीटखाली तापलेलं इंजिन आणि मागे घरगुती सिलिंडर! एलपीजीला वाहनाचं इंधन म्हणून कायदेशीर वाट २००० च्या दुरुस्तीने आणि २००१ च्या आदेशाने मिळाली. आजही जुनी ओमनी घेताना गॅस किटची नोंद आरसीवर आहे का, हे आधी बघा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं असेल. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. ते तपासत राहावे लागतात.

शेवटी कायद्याचा खर्च. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. काकांच्या गाडीची मुदत नेमकी त्या जूनमध्ये संपली. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये लागतात. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारचा थर्ड पार्टी विमा जून २०२२ च्या दरानुसार २,०९४ रुपये. त्यावर जीएसटी.

आणि एक खर्च कुठल्याच बिलात येत नाही. ओमनीला पुढे नाक नाही. समोरून धडक बसली तर आधी येतात ते बसणाऱ्याचे गुडघे. २०१९ मध्ये नव्या सुरक्षा नियमांच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं, ते याच मांडणीमुळे. पस्तीस वर्षं जी जागा आपल्याला स्वस्तात मिळाली, तिची किंमत पुढच्या सीटवरचा माणूस जोखमीच्या रूपात भरत होता.

मी हे सगळं वहीत मांडून काकांना दाखवलं. २०२७ मध्ये पुन्हा नूतनीकरण आहे, तेव्हा गाडी भंगारात द्यावी असा माझा निष्कर्ष. काकांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "यात आजीचं डायलिसिस कुठंय?" दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा, गावाहून लातूर. रात्री-अपरात्री भाड्याची गाडी मिळाली असती का, आणि केवढ्याला? माझ्या वहीत तो रकानाच नव्हता.

गाडीचं अजून ठरलेलं नाही. हायवेला तिच्यातून जायचं नाही, एवढं मात्र ठरलं. नमुने आता मी एसटीने आणते. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा घरातलं एखादं जुनं बिल समोर घ्या. प्रत्येक रकमेपुढे लिहा: हा खर्च कुणाच्या निर्णयामुळे आला, केव्हापासून, आणि तो भरतंय कोण? मग ज्याच्या नावावर ते बिल आहे त्याला ते वाचायला द्या. तुमचा सुटलेला रकाना बहुतेक तोच दाखवेल.